आमची वाटचाल : थिनरचा डबा शटरबाहेर

मानेवाडा भागात घराखालचं गॅरेज. रुंदी दहा फूट, लांबी अठरा, उंची नऊ. वेल्डिंगचं काम सुरू झालं ते कूलरच्या स्टँडपासून. नागपुरात होळीच्या आधी कूलर गच्चीवरून खाली उतरतात आणि तेव्हाच घरोघरी कळतं की स्टँडचा पाय गंजून गेलाय. २५ बाय २५ चा अँगल, अडीच मिमीची ६०१३ ही वेल्डिंगची काडी, सिंगल फेजवर चालणारं इन्व्हर्टर मशीन आणि वरून रेड ऑक्साइडचा एक हात, एवढ्यावर दोन उन्हाळे निघाले. मग ग्रिलची कामं आली, जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याच्या कूलर बॉडी आल्या, गाड्यांची किरकोळ दुरुस्ती आली, शेवटी स्टेनलेसचे रेलिंग. प्रत्येक नव्या कामासोबत गॅरेजमध्ये रसायनाचा एक नवा डबा आला आणि प्रत्येक डब्यानं मांडणी बदलायला लावली. मशीन कोणतं घेतलं, फर्म कधी नोंदवली, हे दुसऱ्याच्या काही कामाचं नाही. डब्यांचं मात्र आहे.

ठिणगी उडणाऱ्या जागेपासून जळाऊ माल ३५ फूट, म्हणजे ११ मीटर लांब असावा, असं अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ५१बी मानकात आहे. आमचं गॅरेजच अठरा फुटांचं. म्हणजे थिनरचा डबा आत कुठल्याही कोपऱ्यात ठेवला तरी तो चुकीच्याच जागी. जागेचं अंतर मिळत नसेल तर वेळेचं अंतर ठेवायचं, हा आमचा पहिला नियम झाला आणि आजही तोच सगळ्यात कामाचा आहे. सोमवार ते गुरुवार वेल्डिंग आणि ग्राइंडिंग, शुक्रवार-शनिवार रंग. रंगाच्या दिवशी वेल्डिंग मशीनची पिन सॉकेटमधून काढलेली, ग्राइंडर कुलपात. "भाऊ, दोन मिनिटाचं तर काम आहे, एक टाका मारून द्या न," म्हणत गिऱ्हाईक शुक्रवारीच येतं. त्याला सोमवार मिळतो.

एवढा ताठा कशासाठी, ते आकड्यांत बघा. आमच्या गॅरेजमध्ये साधारण ४५ घनमीटर हवा मावते. रंग पातळ करायच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये टोल्युइन या द्रवाचा वाटा मोठा असतो. टोल्युइनची वाफ हवेत १.१ टक्के झाली की पेट घेऊ शकते. संपूर्ण खोली तशी व्हायला दोन लिटर टोल्युइन उडावं लागेल, आणि एवढं कोण सांडतं, असं वाटतं. पण ही वाफ हवेच्या तिप्पट जड. ती खोलीभर सारखी पसरत नाही, फरशीवर पाण्यासारखी साचते. फरशीलगतचा फक्त एक फुटाचा थर पेटण्याजोगा व्हायला पाव लिटर पुरतं. चहाचे दोन-तीन कप. आणि ग्राइंडरच्या ठिणग्या पडतात कुठे? फरशीवरच. श्वासाचा हिशोब आणखी कडक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्युइनची आठ तासांची सरासरी मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग, होती. बंद शटरच्या आत चार चमचे उडाले की आमची खोली तिथे पोचते. डोकं जड होणं, चिडचिड, हात थोडे सुन्न, याला लोक उन्हाचा त्रास समजतात.

उन्हाचाही भाग आहेच. २० अंशांना टोल्युइन जितकं उडू पाहतं, त्याच्या तिपटीहून जास्त ४५ अंशांना. त्याहून फसवा म्हणजे एमटीओ, आपलं मिनरल टर्पेंटाइन. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीनं पेटू शकते ते तापमान, ३८-४० अंशांच्या आसपास असतो. म्हणून थंड गावात ते 'सुरक्षित' गटात मोडतं आणि तशी शिफारसही वाचायला मिळते. नागपूरच्या मे महिन्यात गॅरेजमध्ये ते दुपारभर त्या तापमानाच्या वरच असतं. रॉकेलचंही तेच. एमटीओ आम्ही वापरतो, पण एप्रिल ते जून त्याला थिनरच्याच मानानं वागवतो: सकाळी दहाच्या आत काम उरकायचं, डबा सावलीत आणि बाहेर.

हवा खेळवायला पहिली कल्पना सुचते ती एक्झॉस्ट फॅनची. थिनरसाठी ती चूक. साध्या एक्झॉस्टची मोटर वाफेच्या वाटेतच बसते आणि त्या मोटरला ठिणगी उडायला बंदी नाही. उलटं करायचं. स्वच्छ हवा बाहेरून आत ढकलायची, म्हणजे मोटर स्वच्छ हवेत राहते आणि वाफ शटरखालून निघून जाते. आमच्याकडे हे काम कूलरच करतो. मागच्या खिडकीबाहेर कूलर, तोंड आत, शटर पूर्ण उघडं. फक्त रंगाच्या आणि वेल्डिंगच्या वेळी त्याचा पंप बंद, नुसता पंखा. पंप चालू राहिला तर दमट हवेत रंगाला पांढरट झाक येते. वेल्डिंग असेल तर त्याहून वाईट, ओली फरशी आणि घामानं भिजलेला हातमोजा. काडी धरायच्या होल्डरवर काम नसताना ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवत नाहीत, भिजलेल्या हाताला जाणवतात. वेल्डिंगचा धूर मात्र गरम, तो वर जातो. त्यासाठी वरचा झरोका आणि उभं राहायची जागा महत्त्वाची. वारा पाठीवर नको, तोंडावरही नको, बाजूनं हवा. पाठीवरचा वारा अंगाला अडून भोवरा करतो आणि धूर सरळ हेल्मेटखाली घेऊन येतो.

या सगळ्यात वाईट महिना मे नव्हे, श्रावण. पावसाची झड आली की शटर अर्धं खाली येतं आणि हवेचा सगळा हिशोब तिथेच संपतो. शटर खाली असेल तर काम बंद, यावर आम्ही आलो ते बऱ्याच उशिरा.

जीआय पत्रा आला तेव्हा पांढरा धूर आला. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायच्या कितीतरी आधी, त्यामुळे वेल्डिंगच्या आर्कखाली ते थेट धुराच्या रूपात निघतं. तो धूर छातीत गेला की चार ते बारा तासांनी थंडी वाजून ताप, तोंडात गोडसर धातूची चव, अंगदुखी. बहुतेकांचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. गूळ खाल्ला, दूध प्यालं की जस्त उतरतं, ही समजूत आमच्या लाइनीत पक्की आहे. गूळ पोटात जातो, धूर फुफ्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. उपाय एकच, जोडाच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच जस्त फ्लॅप डिस्कनं घासून काढायचं आणि मगच काडी लावायची. घासतानाही मास्क हवाच. काही जण मुरिएटिक ॲसिडनं जस्त काढतात. त्यात हायड्रोजन सुटतो, तेव्हा आसपास ज्योत नको, आणि ॲसिड धुतल्याशिवाय वेल्डिंग तर नकोच. कूलर बॉडीला आम्ही शक्य तिथे वेल्डिंग करतच नाही. पॉप रिव्हेट आणि सिलंट पुरतं. पिवळसर इंद्रधनुषी चमक असलेले जुने नटबोल्ट दिसले तर बाजूला टाकायचे. त्यावर कॅडमियम असू शकतं आणि कॅडमियमचा धूर जस्तासारखा दोन दिवसांत सोडून जात नाही, जीवही घेऊ शकतो.

गाड्यांच्या दुरुस्तीसोबत ब्रेक क्लीनरचे स्प्रे आले. इथे थोडं थांबून लिहितो, कारण या डब्याबद्दल लोकांची समजूत नेमकी उलटी असते. डब्यावर 'नॉन-फ्लेमेबल' लिहिलेलं असलं की वेल्डरला तो चांगला वाटतो. जो ब्रेक क्लीनर पेट घेत नाही त्यात बहुधा क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं: टेट्राक्लोरोइथिलीन, ट्रायक्लोरोइथिलीन किंवा मेथिलीन क्लोराइड. हे आर्कच्या उष्णतेनं तुटतात. पहिल्या दोघांची वाफ तर वेल्डिंगच्या अतिनील किरणांनीही तुटते, ती तापलेल्या धातूला लागायचीही गरज नाही. तुटून हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन होतं. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. त्याची मर्यादा आहे ०.१ पीपीएम. आमच्या गॅरेजच्या हवेत एवढं फॉस्जीन व्हायला टेट्राक्लोरोइथिलीनचा एक थेंबही पूर्ण रूपांतर झाल्यास पुरून उरतो. वास कापलेल्या ओलसर गवतासारखा, आणि तो नाकाला कळतो तेव्हा मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. दगा यात आहे की सुरुवातीला घशात थोडी खवखव, क्वचित तीही नाही. फुफ्फुसात पाणी भरायला काही तास लागतात, कधी पूर्ण दिवस. माणूस घरी जाऊन जेवून झोपतो.

'पुसलं, सुकलं' यावर विसंबू नये. टेट्राक्लोरोइथिलीन १२१ अंशांना उकळतं, म्हणजे पाण्याहूनही जास्त तापमानाला. वरचा भाग कोरडा दिसतो आणि एकावर एक चढवलेल्या लॅप जोडाच्या फटीत, बोल्टच्या भोकात ते ओलंच असतं.

डबा कोणता ते ओळखायची साधी रीत आहे. काचेच्या बाटलीत पाणी घ्या, त्यात उघड्यावर चमचाभर क्लीनर टाका. पेट्रोल, एमटीओ, टोल्युइन वर तरंगतात. ॲसिटोन आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पाण्यात मिसळून जातात. क्लोरीनवाले तळाशी जाऊन जाड थेंबांसारखे बसतात, कारण टेट्राक्लोरोइथिलीनची घनता १.६२, ट्रायक्लोरोइथिलीनची १.४६, मेथिलीन क्लोराइडची १.३३. तळाशी गेलं की तो डबा गॅरेजबाहेर, विषय संपला. पण वर तरंगलं म्हणजे सुटलो असं नाही, मिश्रणात थोडं क्लोरीनवालं लपू शकतं. म्हणून दुकानदाराकडून सुरक्षा पत्रक, एसडीएस, मागायचं आणि त्यातला तिसरा भाग बघायचा. नावं गोंधळात टाकत असतील तर सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला नंबर, बघा: १२७-१८-४, ७९-०१-६, ७५-०९-२. यातला एकही असेल तर नको.

मग तेलकट भाग धुवायचे कशानं? दहा लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवायचं, त्यात अर्धा किलो धुण्याचा सोडा आणि दोन चमचे भांड्यांचं लिक्विड. वीस मिनिटं बुडवून ब्रशनं घासायचं, दोनदा साध्या पाण्यानं काढायचं, कंप्रेसरच्या हवेनं फटी फुंकायच्या. डोळ्यांना गॉगल, हाताला रबरी मोजे. ॲल्युमिनियमला सोडा लावू नका, काळं पडतं. तिथे ॲसिटोन, तेही बाहेर ओट्यावर, आणि ॲसिटोन पूर्ण उडू दिल्याशिवाय भाग आत आणायचा नाही. मे महिन्यात उन्हात अर्धा तास, पावसाळ्यात रात्रभर. ॲसिटोनला निळे नायट्राइल मोजे पुरत नाहीत, काही मिनिटांत आरपार होतं; ब्युटाइल रबरचे लागतात.

चुकून क्लोरीनवाल्या क्लीनरचा धूर छातीत गेलाच, तर त्या माणसाला उघड्यावर आणून बसवायचं. चालवायचं नाही, जिना चढवायचा नाही; श्रमानं फुफ्फुसावरचा ताण वाढतो. 'बरं वाटतंय' म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचं, डॉक्टरांना फॉस्जीन हा शब्द सांगायचा आणि डबा सोबत न्यायचा.

स्टेनलेसच्या कामासाठी आर्गन वायूचं वेल्डिंग आलं. आर्गनमध्ये अतिनील किरण जास्त प्रखर, म्हणजे वरचं सगळं इथे दुप्पट खरं. स्टेनलेसच्या धुरात कर्करोग करणारं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं. वेल्डिंगचा धूर, मग तो कुठल्याही धातूचा असो, आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात धरला आहे. मास्कचा घोळ इथेच होतो. एन९५ किंवा एफएफपी२ धुराचे कण अडवतो, थिनरची वाफ सरळ आत सोडतो. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज वाफ अडवतं, पण एकट्यानं कण अडवत नाही. फॉस्जीनच्या भरवशाचं तर दोन्हीपैकी एकही नाही. रुमाल बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. आर्गन हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यात, टाकीत किंवा बंद चेंबरमध्ये उतरून काम आम्ही घेत नाही.

चिंध्यांचं थोडक्यात. थिनरची चिंधी झाकणाच्या लोखंडी डब्यात, डबा बाहेर. लाकडी चौकटींना जवसाचं तेल लावणारे आपल्याकडे अजून आहेत. त्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेटतात, ज्योतीची गरजच नाही. त्या एकेरी पसरून तारेवर वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवून ठेवायच्या. आणि थिनर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरायचा नाही. घराखालचं गॅरेज आहे, लेकरं येतात, बाटली पाण्याचीच दिसते.

साठा किती ठेवावा, याला कायदा आहे. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेला, विक्रीसाठी नसलेला माल ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतो. धातूचा डबा २५ लिटरहून मोठा नको, काचेची बाटली एक लिटरहून मोठी नको. हे बघणाऱ्या 'पेसो'चं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचं, मुख्यालय नागपुरातच आहे. आमच्याकडे पाच लिटरहून जास्त कधी नसतं, तेही शटरबाहेर जाळीच्या पेटीत. स्कूटर आणि इन्व्हर्टरची बॅटरीसुद्धा बाहेर काढली. चार्ज होताना ॲसिडची बॅटरी हायड्रोजन सोडते आणि तो हवेत चार टक्के झाला की पेटू शकतो.

आग विझवायचा सहा किलोचा एबीसी सिलिंडर आत नाही, दारात टांगलाय. पेटल्यावर आत धावत जाऊन तो काढायची वेळ येऊ नये. तो पंधरा-वीस सेकंदांत संपतो. हेल्मेट घातलेल्या माणसाला पाठीमागची आग दिसत नाही, म्हणून एक जण नुसता बघायला. शेवटची काडी विझल्यावर तासभर शटर ओढायचं नाही. पूर्वी हा काळ अर्धा तास धरत, एनएफपीएनं २०१९ मध्ये तो एक तास केला. तेवढ्या वेळात झाडू मारून होतो आणि दिवसाचा हिशोबही.

पेट्रोलची टाकी वेल्डिंगला घेऊन लोक अजून येतात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत द्रव नसतो पण वाफ आणि हवा दोन्ही असतात. दुचाकीची लोखंडी टाकी आम्ही घेतो ती सोड्याच्या गरम पाण्यानं तीनदा धुऊन, भोकाच्या खाली बोटभरापर्यंत पाणी भरून, झाकण उघडं ठेवून. चारचाकीची घेत नाही.