पट्टी कोणाची?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तालीम संपल्यावर सहावीतली एक मुलगी पेटीपाशी रेंगाळली. म्हणाली, "मॅडम, गाणं खूपच खाली जाऊन राहिलं. तिथं गेलं की आवाजच नाही निघत माझा, नुसती हवा निघते."

मी काय म्हणावं? "डबा खाऊन येत जा." बाईमाणसाच्या डोक्यात पहिलं जेवणच येतं.

१५ ऑगस्टच्या समूहगीताला आमच्याकडे दिवस तसेही कमी. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हापायी महिनाअखेरीस. पहिला आठवडा पुस्तकं आणि याद्यांत जातो. उरतात सहा आठवडे, आठवड्याला संगीताच्या दोन तासिका, आणि त्यातली एक गणिताच्या मॅडम "आजच्या दिवस द्या ना" म्हणून मागून नेतात. अशा घाईत एका पोरीच्या तक्रारीपायी कोण थांबतो? पण रात्री भाकरी थापताना ते वाक्य परत आलं. नुसती हवा निघते. हात धुतले आणि पेटी काढली.

एकोणतीस वर्षं मी पेटी वाजवते आहे. आठवडाभर शाळेत, रविवारी नागपुरातल्या सदरकडच्या आमच्या मराठी चर्चमध्ये. दोन्हीकडे गाणं बसवते ते स्वतः गाऊन. मी म्हणायचं, त्यांनी मागून म्हणायचं. त्यामुळे पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, नेहमी माझीच. माझी होती काळी पाच, म्हणजे पेटीवर सप्तकातली पाचवी काळी पट्टी. पन्नाशीनंतर बाईचा आवाज उतरतो हे मला ठाऊक होतं, स्वतःचा उतरताना मात्र पत्ता लागला नाही. आधी काळी चारवर आले. मग पांढरी पाच. मग "आज घसा बसलाय" म्हणून काळी तीन. तीन वर्षं कोणाचा घसा बसतो?

आता मुलांचं बघा. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा गळा मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत आरामात फिरतो, सरावाने वर-खाली आणखी दोन-तीन सूर मिळतात. माझा काळी तीनचा सा त्या सगळ्याच्या खाली. त्यात या वर्षीच्या गाण्यात अंतऱ्याआधी एक ओळ मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प ला, टेकून येते. तो सूर त्या पट्टीत सहावीच्या पोरीच्या गळ्यात असूच शकत नाही. हवाच निघणार.

खाली सूर सापडला नाही की मुलं एक तर गप्प होतात, नाही तर छातीतून ओरडतात. ओरडली की स्टाफरूममधून शाबासकी येते, "काय जोशात गातात हो तुमची मुलं!" ही शाबासकी मी तीन वर्षं खाल्ली आहे.

दुसऱ्या दिवशी सा पांढरी दोनवर नेला. आता मंद्र पंचमही मुलांच्या टप्प्यात आणि वरचा सा न ताणता लागणारा. अडचण एवढीच की तो वरचा सा मला लागेना. धृपद कसंबसं म्हटलं, अंतऱ्याला माझा आवाज चिरकला आणि मागच्या ओळीत खसखस पिकली. मग त्या मुलीला पुढे बोलावलं. म्हटलं, ओळ तू उचल. ती सुरुवातीला माझ्याकडे बघत गात होती, तिसऱ्या दिवसापासून समोर बघायला लागली.

आणि मी गप्प बसले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

गप्प बसल्यावर जे ऐकू आलं ते सगळं काही गोड नव्हतं. डावीकडच्या चार मुली प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास एकदम घेतात, त्यामुळे तिथे भोक पडतं. "भारत"चा "त" निम्मी मुलं आधी आपटतात, निम्मी नंतर. माझ्याच आवाजाखाली हे इतकी वर्षं झाकलेलं होतं. आणि तिसऱ्या रांगेतून एक घोगरा सूर येत होता, बाकीच्यांच्या खाली, पण हलत नव्हता. आठवीतला पोट्टा. याला मी पाचवीपासून खंजिरी दिलेली. वाजवतोही झकास, आजोबा भजनी मंडळात आहेत. खरं कारण सांगते. पाचवीत तो बेसूर वाटला होता, आणि हातात वाद्य दिलं की मूल गात नाही, हा प्रत्येक संगीतशिक्षकाला माहीत असलेला लबाड उपाय आहे.

मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. म्हटलं, तुला जो येतो तो सूर धर. त्याने धरला. मी पेटीवर शोधत गेले, खालच्या काळी पाचवर सापडला. एरवी मी सूर द्यायचा आणि पोरांनी तो शोधायचा. इथे उलटं केलं. त्याच्या सुरालाच सा म्हटलं आणि तिथून सा रे सा, सा रे ग रे सा. नीट आलं. मग एक पट्टी वर. तेही आलं. पाचव्या पट्टीला आवाज फुटला, तो हसला, मीही हसले. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं आणि आवाज साधारण एक सप्तक खाली जाऊन बसतो. मधले काही महिने त्याचा भरवसा नसतो. तोवर त्याला मोजके चार-पाच सूर द्यायचे. त्याला मी धृपदाखाली नुसता सा आणि पंचम धरायला दिला. घरी जाऊन आजोबांना म्हणाला म्हणे, "मी तंबोरा झालो."

आपल्याकडे एकत्र गाणं नवीन नाही. तुकडोजी महाराजांमुळे विदर्भातल्या किती गावांत संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना रुजली. भजनात एक जण ओळ सांगतो, मागून सगळे. गंमत अशी की मिशनरी हिस्लॉपसाहेब १८४५ मध्ये नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या ज्या फ्री चर्चमधून, तिथेही तेव्हा हीच रीत होती. पेटी नाही, ऑर्गन नाही. एक जण स्तोत्राची ओळ उचलणार, मंडळी मागून. मी तरी तेच करत आले होते. फक्त पुढचा माणूस कायम मीच, हे बरोबर नव्हतं.

चर्चमध्ये प्रकरण वेगळं. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते इथेच, नागपुरात. कागदावर एक झाल्या, चाली मात्र अजून वेगवेगळ्या घरी राहतात. एकाच गीताच्या दुसऱ्या ओळीला उजवीकडची बाकं वर जातात आणि डावीकडची सरळ. दोन्हीकडच्यांना विचारलं तर उत्तर एकच, "आमच्या आजीने असंच शिकवलं."

तिथे माझं मत थोडं कडू आहे, पण लिहिते. बाहेरच्या चालीत बसवलेल्या मराठी गीतांपैकी निम्मी तरी आपल्या जिभेवर अन्याय करतात. "कृपा" शब्दात ऱ्हस्व "कृ" आधी आणि दीर्घ "पा" नंतर. चाल पहिल्या मात्रेवर लांबली की "कृऽऽऽप" होतं. नवीन पोरांना मग शब्दच कळत नाही. याउलट रेव्हरंड टिळकांची अभंगाच्या आणि ओवीच्या छंदातली भजनं घ्या. शब्द आणि लय एकाच घरात वाढलेले. काही काळ नागपुरात राहून गेलेला माणूस, हे सांगितलं की आमच्या तरुण मुलांचे कान टवकारतात. पण त्या भजनांना चार आवाजांचं ठिगळ लावू नये, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मरते. चार आवाज नाताळच्या गीतांना.

चार आवाज म्हणजे सोप्रानो (बायकांचा वरचा) भरपूर, आल्टो (बायकांचा खालचा) नाइलाजाने, बेस (पुरुषांचा खालचा) कोणीही, आणि टेनर (पुरुषांचा वरचा) दोन. त्यातला एक रेल्वेत. त्याची ड्युटी लागली की आमचा टेनर निम्मा.

पण कानाचा पक्का आहे. ईस्टरच्या आधी, एप्रिलमध्ये, संध्याकाळी सात वाजता आम्ही पेटीशिवाय तालीम करत होतो. कूलर बंद ठेवला होता, कारण त्याच्या घरघरीत आल्टो बुडतात. सगळे घामाघूम. सा काळी चारचा. गाणं संपलं की मी पेटीवर सूर तपासायची, आणि दरवेळी आम्ही किंचित उतरलेले. उतरणं नवीन नाही, थकलेला वृंद उतरतोच. पण दरवेळी त्याच ठिकाणी येऊन थांबायचा, काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मध्ये कुठेतरी. टेनर वर बघत म्हणाला, "मॅडम, आपण ट्यूबलाइटच्या सुरात गाऊन राहिलो." वीज पन्नास हर्ट्झची, जुना चोक गुणगुणतो शंभरवर, आणि शंभर हर्ट्झ बरोबर त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतं. दिवे घालवले आणि मोबाइलच्या उजेडात गायलो. उतरलो तरी, पण निम्मेच. पाळकसाहेबांना वाटलं लाइट गेली, ते मेणबत्त्या घेऊन आले.

तर शाळेत शहाणी झालेली मी ऑगस्टमधल्या एका रविवारी चर्चमध्येही पट्टी वर नेली. काळी तीनची थेट काळी पाच. मनात म्हटलं, आता मंडळीही मोकळ्या गळ्याने गातील. पहिल्या कडव्याला पुरुष खालच्या सप्तकात पळाले. दुसऱ्याला पुढच्या बाकावरच्या आजीने पुस्तक मिटलं. उपासना संपल्यावर दाराशी सलाम केला, तर आजी म्हणाल्या, "काऊन गं बाई, आम्ही काय सहावीतल्या पोरी आहो का?"

१५ ऑगस्टला मैदानावर माइकने दगा दिला, ते नेहमीचंच. त्या मुलीने माइकची वाट न बघता ओळ उचलली. मंद्र पंचमाची ओळ आली तेव्हा मी श्वास धरून होते. सूर लागला. बारीक होता, पण सूर होता. खाली खंजिरीवाल्याचा सा. मुख्याध्यापिका नंतर म्हणाल्या, "यंदा जरा हळू वाटलं, नाही?"

पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. शाळा: पांढरी दोन. रविवार: काळी तीन, आजी आल्या नाहीत तर पांढरी पाच. नाताळ: टेनर आला तर पांढरी पाच, ड्युटी लागली तर त्या दिवशी बघू.