बिनतारी कीबोर्ड, त्याचे सेल आणि कोकणातली दमट हवा

दापोली तालुक्यातल्या घरी बसून भाषांतराचे आणि मुद्रितशोधनाचे काम करत असल्याने माझा बहुतेक दिवस कीबोर्डवरच जातो. मान आखडू नये म्हणून लॅपटॉप उंच स्टँडवर आणि पुढ्यात वेगळा कीबोर्ड, अशी मांडणी मी फार वर्षांपूर्वी केली आणि तेव्हापासून बिनतारी कीबोर्डच वापरत आलो आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत पक्के झाले आहे की, समुद्राजवळ राहणाऱ्याने कीबोर्ड घेताना तो एका चार्जवर किती दिवस चालतो यापेक्षा त्याची बॅटरी आपल्या हाताने बदलता येते का, हे आधी पाहावे.

कीबोर्डला वीज फार थोडी लागते. बोटे थांबली की तो झोपी जातो आणि कळ दाबली की क्षणात जागा होतो. त्यामुळे टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतात तसले दोन ट्रिपल ए सेल साध्या कीबोर्डला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त पुरतात. खरी वीज खातात ते कळांखालचे दिवे. लॉजिटेकच्या 2019 मध्ये आलेल्या एमएक्स कीज या कीबोर्डबद्दल कंपनीच सांगते की, दिवे चालू ठेवल्यास एक चार्ज दहा दिवस जातो आणि बंद ठेवल्यास पाच महिने. बॅटरी तीच आणि टंकनही तेच असताना एवढा फरक पडतो, हे पाहिल्यापासून मी दिव्यांच्या कीबोर्डवर पहिल्याच दिवशी दिवे बंद करतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कळांच्या मांडणीत मराठी टंकणाऱ्याला कळांवरची इंग्रजी अक्षरे उजळून मिळाली तरी त्यांचा उपयोग फारसा नसतोच.

आत बसवलेल्या लिथियम-आयन बॅटरीची सोय मी नाकारत नाही. सी-टाइपची केबल लावली की काम भागते, आणि पुष्कळ कीबोर्डवर चार्जिंग चालू असतानाही टंकता येते. मात्र ही बॅटरी उष्णतेने आणि सतत पूर्ण भरून ठेवल्याने लवकर म्हातारी होते, आणि वैशाखातल्या दुपारी पत्र्याच्या पडवीत उष्णतेला तोटा नसतो. उलट ती पूर्ण उतरवून महिनोन् महिने पडून राहू दिली, तर आतले संरक्षक सर्किट पुन्हा चार्ज घेऊ देईलच असे नाही. म्हणून असा कीबोर्ड काही महिने बाजूला ठेवायचा असेल, तर मी तो निम्मा भरून कपाटात ठेवतो. एवढी काळजी घेऊनही काही वर्षांनी बॅटरी थकतेच, आणि बहुतेक कीबोर्डमध्ये ती डिंकाने आत चिकटवलेली असल्याने उत्तम चालणाऱ्या कळा केवळ तिच्यापायी टाकून द्याव्या लागतात. याचे मला मनापासून वाईट वाटते.

सौर कीबोर्डबद्दल लोक कुतूहलाने विचारतात. लॉजिटेकचा के 750 हा 2010 मध्ये आला. पूर्ण भरल्यावर गडद अंधारातही तो तीन महिने चालतो, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. आमच्याकडे आषाढात पडवीला झड्या बांधल्या की भरदुपारीही घरात काळोख असतो, तरी टेबलावरच्या दिव्याखाली ठेवला तर अशा कीबोर्डचे भागते. त्याच्या आत चार्ज होणारा एमएल 2032 हा बटन सेल असतो. दिसायला अगदी तसाच असणारा सीआर 2032 कोणत्याही घड्याळजीकडे मिळतो. पण तो चार्ज होण्यासाठी बनवलेला नसल्याने तिथे घालणे धोक्याचे आहे.

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि आमच्या तालुक्यालाही त्याने झोडपून काढले. विजेचे खांब आडवे झाले आणि वाड्यावाड्यांतून बरेच दिवस लाईट नव्हती. ज्याच्याकडे जनरेटर होता त्याच्या ओटीवर मोबाइल, बॅटऱ्या आणि इमर्जन्सी दिवे यांची रांग लागे, आणि तिथल्या एका प्लगवर किती घरांचा हक्क आहे हे प्रत्येकाला कळत होते. मला त्या रांगेत लॅपटॉप ठेवतानाच संकोच होई. कीबोर्डसाठी वेगळी पाळी मागावी लागली नाही, कारण त्यातले सेल होळीच्या सुमारास बदललेले होते. वादळ नसतानाही वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की आम्ही सगळे प्लग काढून ठेवतो, तेव्हा चार्जिंगची वेळ आपल्या सोयीने ठरत नाही.

सेल कोणते घालावेत, याचाही विचार करावा लागतो. साधे अल्कलाइन सेल संपल्यावर आत तसेच राहिले तर त्यातले पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरते आणि स्प्रिंगवर पांढरा थर धरतो. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसता येतो, पण खारी हवा लागलेली स्प्रिंग त्यानंतर फार दिवस टिकत नाही. म्हणून मी चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरतो. जुन्या प्रकारचे असे सेल नुसते पडून राहिले तरी उतरत असत. सॅन्योने 2005 मध्ये एनेलूप हे सेल आणले आणि ही अडचण दूर झाली. त्यांचा दाब 1.2 व्होल्ट, तर अल्कलाइनचा 1.5 व्होल्ट असल्याने कीबोर्डचा दर्शक त्यांना सुरुवातीपासूनच थोडे उतरलेले समजतो आणि शेवटची सूचनाही उशिरा देतो. त्या दर्शकावर विसंबून न राहता मी सेलच्या जोडीवर तारखेची चिठ्ठी लावतो आणि आगोटीची कामे निघाली, लाकूडफाटा आत आला, की दुसरी भरलेली जोडी घालून मोकळा होतो. उरलेले सेल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह राहतात.

ज्यात सेल बाहेरून बदलता येतात आणि ज्याला दिवे नाहीत असे कीबोर्ड अजूनही मिळतात, आणि ते बहुधा स्वस्तही असतात. दुकानात तो आधी उलटा करून पाहावा: झाकण नखाने उघडते का, आतल्या पट्ट्या चकचकीत आहेत का, आणि इवलासा यूएसबी रिसीव्हर ठेवायला त्यात खाच आहे का.