सालीवरच्या काळ्या रेघांचं कुळ शोधताना

एमएस्सीच्या प्रबंधाला दगडफुलाचा विषय घेतला म्हटल्यावर दांडिया बाजारातल्या काकूंनी विचारलं, "गोडा मसाला विकायला बसणार आहेस का गं?" मसाल्यातलं दगडफूल पानासारखं पसरतं, हाताने सुटतं. माझा नमुना क्रस्टोज, म्हणजे खपलीसारख्या चिकटून बसणाऱ्या जातकुळीचा. दापोलीच्या मामांनी आंब्याची फांदी पाठवली, तिच्यावर राखाडी थर आणि थरावर मोडी खरडावी तशा काळ्या रेघा. हा थर सालीत इतका रुतलेला असतो की सालीसकटच कापावा लागतो. नखाने खरवडलं तर आत पिवळट-केशरी झाक दिसते, ती ट्रेंटेपोलिया शैवालाची. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र बिऱ्हाड, पण वर्गीकरणात नाव बुरशीचं चालतं. शैवाल बिचारं भाडेकरूच! रेघा म्हणजे त्या बुरशीची फळं.

कुळ ग्रॅफिडेसी हे भिंगाखालीच कळलं. वर्ग लेकॅनोरोमायसीट्स, आणि गण कोणी ऑस्ट्रोपेलिस लिहितं, कोणी ग्रॅफिडेलिस. खरी कसरत पुढे, प्रजाती (जीनस, म्हणजे जातीच्या वरची पायरी) ठरवताना. साल बटाट्याच्या फोडीत खोचून ब्लेडने छेद घ्यायचे. जाड छेदात नुसता काळोख दिसतो. पातळ छेद एकदाचा जमला आणि रंगहीन बीजाणू दिसले, त्यांत आडवे पडदे होते आणि उभेही. आयोडीनचा थेंब सोडताच ते निळे-जांभळे झाले.

विभागातल्या जुन्या पुस्तकाप्रमाणे ही ग्रॅफिना ठरत होती, कारण तेव्हा बीजाणूंचा रंग आणि पडदे पाहूनच प्रजाती पाडत. 2002 मध्ये बेटिना श्टायगर यांनी या कुळाची फेरमांडणी केली. त्यात फळाची काळी भिंत आणि इतर खुणाही धरल्या, आणि उभे पडदे असलेल्या कितीतरी जाती ग्रॅफिस या प्रजातीत आल्या. मला ही मांडणी पटते; एका पडद्यावरून घर वेगळं करणं जरा अतिच होतं. माझ्या नमुन्यात भिंत तळापर्यंत काळी, तेव्हा ग्रॅफिस.

मग पोटॅशियम हायड्रॉक्साइड. छेदाला ते लावलं तर आधी पिवळं, मग लाल, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक लाल सुया उगवल्या. म्हणजे नॉरस्टिक्टिक आम्ल, दगडफुलांत सापडणारं एक रसायन. मी जातीचं नाव लिहायला पेन उचललं, तर मॅडम म्हणाल्या, "टीएलसी झाल्याशिवाय नाही हं." टीएलसी म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, पातळ थराच्या प्लेटवर रसायनं वेगळी करून ओळखायची चाचणी. सध्या पाकिटावर 'ग्रॅफिस, जात अनिश्चित' एवढंच आहे आणि प्लेटची ऑर्डर अजून यायची आहे.