काकूंचा काळा डाग

"डॉक्टर, हा पू आहे ना?" काकूंनी मोबाईलवरचा एक्स-रे दोन बोटांनी मोठा करून माझ्यासमोर धरला. दुसरीकडे त्यांना रूट कॅनल सांगितलं होतं. भाच्याने तर फोटो बघून गाठच ठरवून टाकली होती.

खालची दुसरी उपदाढ. मुळाच्या टोकाला गोल काळा डाग. पण दाताला कीड नाही, दुखणं नाही. थंड बोळा लावताच काकू दचकल्या, म्हणजे नस जिवंत.

एक्स-रे मशीनच्या ट्यूबचा कोन बदलून पुन्हा एक्स-रे काढला. डाग मुळापासून बाजूला सरकला, म्हणजे तो मुळाला चिकटलेला नाही! मुळाभोवतीची पांढरी रेघ अखंड. हे मेंटल फोरामेन. खालच्या ओठाची, हनुवटीची संवेदना नेणारी नस जबड्यातून बाहेर येते ते भोक. दोन्ही बाजूंना, जवळपास सगळ्यांनाच असतं.

"म्हणजे जन्मापासूनचं?" काकू जरा नाराजच झाल्या.

एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. पुढचं-मागचं एकावर एक पडतं. कोन चुकला की मूळ लांबतं किंवा आखडतं. आणि आपण ती सावली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून निदान मागतो.

तुमच्या एक्स-रेत काळं दिसलं, तेव्हा दाताला थंड लागतंय का, हे कुणी तपासलं होतं?