भरभरून लिहिलेले बावीस दिवस

संपादनासाठी माझ्याकडे आलेलं कादंबरीचं हस्तलिखित ४१ प्रकरणांचं होतं, सुमारे १,३२,००० शब्दांचं. तिसरा खर्डा. सोबत लेखिकेची चिठ्ठी: चौघांना वाचायला दिलं, चौघंही सतराव्या-अठराव्या प्रकरणात रेंगाळले, तेव्हा मधल्या भागाची भाषा जरा घासूनपुसून द्याल का?

पहिलीच कादंबरी लिहिणाऱ्याची तक्रार बहुधा भाषेची असते आणि दुखणं बहुधा दुसरीकडे असतं. इथं तर सतराव्या प्रकरणातली वाक्यं अख्ख्या पुस्तकात सर्वांत घोटीव होती. म्हणून मी त्यांना कळवलं, येताना कोरी कार्डं आणा, आणि रोजच्या शब्दांची नोंद ठेवत असाल तर तीही आणा.

नोंद होती. चौदा महिन्यांची वही, पहिल्या खर्ड्याची. नोकरीवर जाण्याआधी पहाटे दीड तास लिहायचं आणि तारखेसमोर आकडा टाकायचा. ती वही मी सकाळी नुसती बाजूला ठेवली.

आधी कार्डं. एका प्रकरणाला एक कार्ड, त्यावर चारच ओळी: प्रसंगात कोण आहे, दिवस कोणता, मुख्य पात्राला इथं काय हवंय, आणि प्रकरण संपताना काय बदललं. चौथ्या ओळीत घडलेली ठोस गोष्ट हवीच. ‘अस्वस्थता वाढते’ चालत नाही. ‘कपाटाची किल्ली मिळते’ चालतं. कार्डं आठवणीतून भरायची नाहीत, प्रकरण समोर उघडून भरायची, कारण लेखकाला आपण लिहायचं ठरवलेलं आठवतं, लिहिलेलं नाही. ४१ कार्डांना साडेतीन तास लागले. अकरा कार्डांची चौथी ओळ कोरी राहिली. त्यातली चार इकडेतिकडे विखुरलेली. तेवढी कुठल्याही खर्ड्यात सापडतात. उरलेली सात मात्र १४ ते २२ या नऊ प्रकरणांत.

कथा थोडक्यात अशी. वडिलांच्या मृत्यूनंतर बहीण घरी परतते. घर भावाच्या नावावर झालेलं असतं, मृत्युपत्रानं. तेराव्या प्रकरणाच्या शेवटी तिला कळतं की सहीच्या तारखेला वडील रुग्णालयात होते आणि त्यांचा उजवा हात लुळा पडलेला होता. तेविसाव्यात खटला कोर्टात उभा राहतो. मधल्या नऊ प्रकरणांत ती गच्चीवर बसते, आजीला आठवते, एक लांबलचक प्रवास करून येते. सुंदर पानं आहेत. पण तेराव्यानंतर तिला शोधायचं काही उरलेलंच नाही, आणि कोर्टाची तारीख तर लेखिकेनं आधीच ठरवून ठेवलेली. नायिका त्या तारखेची वाट बघते, वाचकही बघतो. भाषा कितीही घासली तरी ही वाट कमी होत नाही.

मग वही उघडली. तेरावं प्रकरण संपल्याच्या नोंदीनंतर सलग एकोणीस शून्यं. त्यापुढच्या बावीस दिवसांत ३१,००० शब्द, म्हणजे रोजचे चौदाशे. एरवी, कोरे दिवस धरून, त्यांची सरासरी तीनशेच्याही आत. त्या बावीस दिवसांच्या कडेला हिरव्या पेनानं चांदण्या काढलेल्या होत्या.

“हे माझे सगळ्यात चांगले दिवस होते,” त्या म्हणाल्या.

होतेही असतील. पण ती एकोणीस शून्यं आळसाची नव्हती, ‘आता हिनं का थांबावं?’ या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून आलेली होती. उत्तर न शोधता आठवणींत शिरलं की हात सुटतो, कारण आठवणीत काही ठरवावं लागत नाही. कथेत पुढं जाणारं प्रकरण मात्र अडत अडतच लिहिलं जातं. पुढच्या दोन खर्ड्यांत त्यांनी हाच भाग सर्वांत जास्त घासला होता. ही चूक फार जण करतात: जागा पक्की होण्याआधी भिंतीला रंग. नंतर ती भिंत पाडायला हात धजत नाही.

रोजच्या आकड्याचा विषय निघाला की इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलपचं नाव हमखास येतं. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. हे त्यानंच १८८३ साली आलेल्या आत्मचरित्रात सांगितलंय. पण त्याच ठिकाणी तो म्हणतो की बैठकीचा पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात जाई. तो अर्धा तास कुणी उचलत नाही. लेखिकेनंही फक्त पाव तासच उचलला होता.

दुपारी तेराव्याचा शेवट उचलून चोविसाव्यात ठेवून पाहिला. आता चौदाव्यात तिच्या हाती नुसता रुग्णालयाचा कागद लागतो, सोळाव्यात मृत्युपत्राची नक्कल. दोन तारखा वाचक तिच्याआधी जुळवतो. कोर्टात ती केवळ हिश्शासाठी जाते, आणि खोटी सही तिथं उघडी पडते. नऊ प्रकरणांची तीन झाली: ११,००० शब्द राहिले, २०,००० गेले. ‘गेले’ म्हणजे पुसले नाहीत. ‘काढलेलं’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये टाकले. कापणाऱ्याचा हात त्यानं हलका राहतो.

शोध पुढं ढकलला की तिला ‘माहीत असण्याच्या’ सगळ्या खुणा पुसाव्या लागतात. ‘सही’ शब्द शोधला, ३८ जागा निघाल्या, त्यांतल्या ११ दुरुस्तीच्या. मूळ वाक्य होतं: ‘ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. याच हातानं बाबांची सही गिरवली होती.’ आता: ‘ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. बोटं अगदी बाबांसारखी.’ शब्द शोधून न सापडणाऱ्या खुणा जास्त त्रास देतात, उदाहरणार्थ तिचं भावाशी तुटक बोलणं. त्यासाठी दोघांचे सगळे संवाद सलग मोठ्यानं वाचावे लागले.

एक गाठ आपोआप सुटली. तारखांचा तक्ता मांडला तेव्हा दिसलं की वहिनीला सहाव्या प्रकरणात तिसरा महिना आहे आणि तिसाव्यात, आठ महिन्यांनी, बाळ होतं. म्हणजे अकरा महिने! तीन खर्डे आणि चार वाचक, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कापलेल्या प्रकरणांबरोबर कथेतले दोन महिने गेले आणि बाळ वेळेवर आलं.

आजीचं प्रकरण जाताना त्या गप्प झाल्या. त्यातले दोन परिच्छेद नवव्यात बसतील असं मला वाटलं, कारण तिथं आजीची पेटी उघडते आणि कार्डाची चौथी ओळ भरलेली होती. ते तिथं गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तारखेसमोर पहिल्यांदाच उणे आकडा होता: –१,२४०. शेजारी हिरव्या पेनानं प्रश्नचिन्ह.