आहारनळीचे आयुष्य

आईच्या नाकातून पोटात घातलेली पहिली नळी पीव्हीसीची होती. ती आठवडाभरातच कडक झाली, कारण या प्लास्टिकला मऊ ठेवणारी द्रव्ये नळी पोटात असताना हळूहळू झिरपून जातात. म्हणूनच ती थोड्या दिवसांपुरतीच वापरावी. नंतरची पॉलियुरेथेनची नळी साधारण 4 ते 6 आठवडे टिकते, आणि तिची भिंत पातळ असूनही मजबूत असल्याने तेवढ्याच बाह्य जाडीत आतील पोकळी अधिक रुंद मिळते, हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. सिलिकॉन अतिशय मऊ असते, मात्र त्याची भिंत जाड ठेवावी लागते आणि त्यावर बुरशी वाढून नळी खराब होऊ शकते. नळी कशाचीही असो, आहारानंतर व औषधानंतर ती पाण्याने धुतली नाही, तर झिजण्याआधीच तुंबते.