आमची वाटचाल: माल गेला असता, पैसे येईनात

अण्णांनी चार मागांवर टॉवेल विणायला सुरुवात केली तेव्हा आमचं गिऱ्हाईक म्हणजे सोलापुरातलेच दोन व्यापारी. उधारी असायची, पण पैसा पायी चालत यायचा. आज अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे अठरा माग आहेत. मधली वर्षं सुताचे भाव आणि लाईटबिल यांत गेली, ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. सांगण्यासारखा आहे तो पहिला परदेशी पैसा.

जर्मनीतल्या एका छोट्या दुकानदारानं ऑर्डर दिली, निम्मे पैसे आगाऊ. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे माल जायच्या आधीचं कच्चं बिल, मीच केलं. बँकेचा कोड विचारला होता, मी चेकबुकावरचा आयएफएससी उतरवून मोकळा झालो. त्याचा मेल आला: हा कोड आमची बँक घेत नाही, आणि तुमचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते नंबर, कुठाय?

त्याला हवा होता परदेशातून पैसे यायला लागणारा स्विफ्ट कोड. फसगत व्हायचं कारण म्हणजे दोन्ही कोड अकरा अक्षरांचे. आयएफएससीत पाचव्या जागी कायम शून्य, आणि तो फक्त देशातल्या एनईएफटी, आरटीजीएसला. स्विफ्ट कोडात, म्हणजे बीआयसीत, आधी चार अक्षरं बँकेची, मग दोन देशाची, दोन गावाची. शेवटची तीन शाखेची, ती नसली तरी चालतं. स्टेट बँकेचा ‘एसबीआयएन आयएन बीबी’ बघा, आठच अक्षरं. आयबॅन तर भारतात नाहीच, नुसता खाते नंबर द्यायचा. हे त्या माणसाला पटवायला तीन मेल लागले; त्याच्याकडचा आयबॅन बावीस अक्षरी, तो आपल्याला नसतो यावर त्याचा विश्वासच बसेना.

आमच्या शाखेला तरी स्वतःचा स्विफ्ट कोड कुठं होता! साहेबांनी फोन फिरवून फॉरेक्सचं, म्हणजे परकीय चलनाचं, काम बघणाऱ्या शाखेचा कोड चिठ्ठीवर लिहून दिला. खाली पैसे कशाचे ते सांगणारा पर्पज कोडही लिहिला: निर्यातीच्या आगाऊ रकमेला पी०१०३.

पैसे आले, पण बावीस युरो कमी. मधल्या बँकेनं आपला आकार कापला होता. “एवढी अक्षरं लिहून घेतात आणि वर पैसेही कापतात?” अण्णा म्हणाले. तेव्हापासून खर्च कुणाचा, हे मी इन्व्हॉइसवरच लिहितो.

ती चिठ्ठी अजून टेबलाच्या काचेखाली आहे. परवा दुबईच्या गिऱ्हाइकाला फोनवर कोड सांगत होतो, “बी फॉर बॉम्बे, बी फॉर बॉम्बे.” अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाले, “मुंबई म्हण की रे.”